गिझर कुणी लावला, सर्व्हिसिंग कुणी करायचं?

कट्ट्यावर वाद पेटला तो करारनाम्यातल्या एका ओळीवरून. 'गॅस गिझरची देखभाल-दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी.' अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, आणि बाथरूमच्या आत मालकाने बसवलेला सहा लिटरचा गिझर.

नितीनला त्यात काहीच खटकलं नाही. "वापरतो भाडेकरू, मग सर्व्हिसिंग त्यानेच करायचं. २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टातही गिझर दुरुस्ती भाडेकरूकडेच आहे, नळाचे वॉशर बदलण्याच्या यादीत."

"यादी बरोबर आहे, पण तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू," अश्विनी म्हणाली. "आणि गिझर दुरुस्त करणं वेगळं, तो बसवायला जागा कोणती निवडली ते वेगळं. ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार मालकाला त्याची गॅसची उपकरणं दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत माणसाकडून तपासून घ्यावी लागतात, आणि २८ दिवसांत दाखल्याची प्रत भाडेकरूच्या हातात द्यावी लागते. दुरुस्तीचं बिल कुणाचं यावर आपण भांडतोय. तपासणीचं कुणी बोलतच नाही."

बापूंनी मधेच विचारलं, "बाथरूमचं माप काय?"

पाच बाय सात, उंची आठ फूट.

"म्हणजे साधारण आठ घनमीटर हवा. सहा लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला किलोभर गॅस जाळतो. दहा मिनिटांच्या आंघोळीला दीडशे ग्रॅमच्या वर गेला. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटर तरी हवा लागते, म्हणजे या एका आंघोळीला दोन. दार-खिडकी बंद असेल तर खोलीतल्या ऑक्सिजनचा जवळपास चौथा हिस्सा पहिल्या माणसातच खर्ची पडला. ज्योत त्याच्या आधीच बिघडते. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. पाठोपाठ दुसरा माणूस आत शिरला की त्याच्या वाट्याला ती हवा येते."

"वास येईल ना पण?" नितीन.

"नाही येत. सिलिंडरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो गॅस जळाला की वासही जळतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आगही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडीपर्यंत हात जायच्या आत माणूस खाली बसतो."

"एक्झॉस्ट फॅन आहे तिथे," नितीन म्हणाला. त्याला वाटलं, हा मुद्दा संपला.

बापूंनी मान हलवली. "फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट कुठाय? दाराखाली जाळी नसेल तर गिझरचा धूर फ्लू पाईपमधून, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून, उलटा खोलीत ओढला जातो. खालून हवा आत आणि वरून धूर बाहेर, दोन्ही हवं. आणि पाईप इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे नळांच्या बंदिस्त पोकळीत, सोडला असेल तर तो धूर वरच्या मजल्याच्या खिडकीतून शिरतो. आत बसवायचाच नाही हा गिझर. मोकळ्या बाल्कनीत लावा, पाण्याची लाइन आत घ्या. सर्व्हिसिंग वर्षात चारदा केलं तरी चुकीची जागा बरोबर होत नाही."

इथे नितीन थोडा हलला, पण हटला नाही. "जागा मालकाची, कबूल. पण भाडेकरूने काहीच बघायचं नाही?"

बघायचं, आणि त्यात अवघड काही नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ज्योत निळी आणि ठाम हवी. पिवळी शेंडी दिसली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे, नाहीतर वरच्या तांब्याच्या पात्या तुंबल्यात. वापर त्याच दिवशी बंद करून मेकॅनिक बोलवायचा. टकटक होते पण पेटत नाही, तर आधी दोन मोठे सेल बदलून बघायचे. नळ बंद केल्यावरही ज्योत विझत नसेल तर मात्र हात लावायचा नाही. बहुधा पाण्याच्या व्हॉल्व्हमधला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, गेलेला असतो किंवा त्याची पिन अडकलेली असते. रेग्युलेटर बंद करून टाकायचा. रबरी नळीवर छापलेली तारीख बघायची, पाच वर्षं झाली की नळी बदलायची, भेग दिसो वा न दिसो. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. गळतीचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडून बाहेर यायचं आणि १९०६ला, गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन.

मिलिंद इतका वेळ ऐकत होता. "लीव्ह अँड लायसन्समध्ये घर भाडेपट्ट्याने दिलेलं नसतं, वापरायची परवानगी असते," तो म्हणाला. "भाडेपट्ट्याच्या दुरुस्तीच्या तरतुदी तिथे आपोआप लागत नाहीत. करारात लिहिलेलं तेवढंच हाताशी राहतं. मग ती ओळ अशी लिहा: गिझरची जागा, फ्लू पाईप, हवेची जाळी आणि ताबा देण्यापूर्वीची तपासणी मालकाकडे, तपासणीच्या पावतीची प्रत कराराला जोडलेली. सेल, नळी आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंग भाडेकरूकडे. ज्योतीत बिघाड दिसल्यास भाडेकरूने लेखी कळवायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट चालेल. दुरुस्त होईपर्यंत वापर बंद."

नितीनला ही ओळ पटली. फक्त गिझर बाल्कनीत हलवायचा खर्च करार चालू असताना मालक देणार नाही, असं त्याचं म्हणणं. अश्विनीचं म्हणणं, मग सही करायच्या आधी हलवून घ्या, किल्ली घेतल्यावर नाही.

"आणि ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी?"

"दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या," बापू म्हणाले. "गिझर बंद, रेग्युलेटरही बंद. खिडकी उघडी ठेवून पाचेक मिनिटं थांबायचं, मग आंघोळीला जायचं. लहान मुलांनाही तसंच. गिझर चालू असताना आतून कडी लावायची नाही."