‘रिकाम्या गुहेत जाऊन कुणाचं काय बिघडणार होतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा आली. लगेच लिहायला बसले असते तर उत्तर चिडून दिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. कोविडच्या काळात गुहा बंद ठेवल्या आणि आमच्यासारख्या केव्हिंग (म्हणजे गुहांत उतरून त्या धुंडाळणं) करणाऱ्यांनी दोर गुंडाळून ठेवले, ते बरोबरच होतं, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला ते पटलं नाही. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: बसमध्ये माणसं खेटून उभी होती आणि रिकाम्या गुहांना मात्र कुलूप. ओळखीतल्या तीन-चार जणांनी आत जाऊन आल्याने कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. गुहेत वारा खेळता असतो, तुम्ही तो स्वतः अनुभवलाय. वटवाघळांचा नुसता बाऊ केला गेला. फ्रान्समध्ये तर त्याच काळात पंधरा माणसं चाळीस दिवस गुहेत राहून आली. आणि शेवटचं वाक्य, ‘ज्यांना घरात बसणं सोसत होतं त्यांनी नियम केले.’

मला ते सोसत नव्हतं. माझं हेल्मेट खुंटीवर होतं आणि त्याच्या पट्ट्यावर शेवटच्या फेरीतला चिखल वाळून बसला होता. तो मी कित्येक महिने धुतला नाही, कारण त्याला अजून गुहेचा वास येत होता. त्यामुळे घरात बसलेल्यांच्या बाजूने बोलतेय असं कृपा करून समजू नका.

आता वाऱ्याचं. इथे चूक माझी आहे. ‘गुहेतली हवा कोंडलेली असते’ असं मी सरसकट लिहून मोकळी झाले. एक वर आणि एक खाली अशी दोन तोंडं असलेली गुहा धुराड्यासारखी चालते. थंडीत आतली ऊबदार हवा वरच्या तोंडाने निसटते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. उन्हाळ्यात याच्या उलट, आतली गार, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर वाहते. अशा गुहेच्या अरुंद बोळात वारा कधी कधी इतका असतो की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण बाहेरचं आणि आतलं तापमान सारखं होतं तेव्हा याच गुहेत वारा पडतो. एकच तोंड असलेली गुहा बाहेरच्या हवेच्या दाबाबरोबर सावकाश श्वास आत-बाहेर करते. आणि तोंडापासून खाली उतरत गेलेली, पिशवीसारखी गुहा असली तर थंड हवा तळाशी जाऊन बसते, ती हलायचं नाव घेत नाही. तेव्हा तुमचं वाक्यही अर्धं आणि माझंही अर्धं.

जिथे वारा नाही तिथे माणसाचा श्वास कसा साठतो, हे कळायला कोविडची गरज नव्हती. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. पुढे दिवसाला बाराशेपर्यंत माणसं येऊ लागली. त्यांच्या उच्छ्वासातली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि आतले दिवे यांच्यामुळे भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. हजारो वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांच्या श्वासांनी धोक्यात आली. न्यूझीलंडच्या वायटोमो गुहेत आजही हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि तो २,४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २,४०० भागांच्या) वर जाऊ देत नाहीत. बाहेरच्या हवेत तो चारशेच्या थोडा वर असतो. काही गुहांमध्ये हा वायू वरच्या मातीतूनही झिरपतो, म्हणून आकडा दिसला की सगळा दोष माणसांवर टाकता येत नाही. पण माणसं आत गेल्यावर तो चढत असेल, तर प्रत्येक जण थोडा थोडा दुसऱ्याचा श्वास घेतोय एवढं नक्की. त्यात आत ऊन नाही, आणि उन्हात हा विषाणू लवकर निकामी होतो.

गुहेची हवा शुद्ध, रोग्याला मानवणारी, हा समजही आजचा नाही. अमेरिकेतल्या मॅमथ केव्हचे मालक डॉ. जॉन क्रोगन यांनी १८४२ मध्ये क्षयाच्या पंधरा-सोळा रुग्णांना गुहेत झोपड्या बांधून राहायला नेलं. आतलं तापमान वर्षभर सारखं, हवा स्वच्छ, म्हणजे फुप्फुसं बरी होतील असा त्यांचा विश्वास होता. अंधार, गारठा, चुली आणि दिव्यांचा धूर यांत माणसं खंगली, काही दगावली आणि १८४३ च्या सुरुवातीलाच प्रयोग गुंडाळावा लागला. डॉ. क्रोगन स्वतः १८४९ मध्ये क्षयानेच गेले. दगडी झोपड्यांपैकी दोन अजून तिथे उभ्या आहेत. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच ही गोष्ट मला जास्त टोचते.

पण हवा हा माझा मुख्य मुद्दा नाहीच. तुम्ही ‘तीन-चार जण’ म्हणता, तिथे माझं गाडं अडतं.

बचावाच्या एका सरावात मला जखमी माणसाचं सोंग दिलं होतं. स्ट्रेचरवर झोपवून छातीपासून घोट्यापर्यंत पट्टे आवळले, हात आत. एका बोळात उभं राहायला जागा नव्हती, स्ट्रेचर उचलून चालणं शक्यच नव्हतं. मग माणसं बोळात एकामागे एक पाय पसरून बसली आणि मला मांड्यांवरून पुढे सरकवू लागली. मागचा रिकामा झाला की तो सगळ्यांना ओलांडून रांगेच्या पुढे जाऊन बसायचा. ‘एक, दोन, सरकव.’ दर वेळी एक नवा चेहरा माझ्या चेहऱ्यावर, वीतभर अंतरावर, धापा टाकत. एकाच्या हनुवटीवरून घाम ओघळून माझ्या गालावर पडला आणि तो पुसायला मला हात नव्हता. त्याने पुसला, मातीच्या बोटांनी, आणि ‘सॉरी’ म्हणाला. साठ मीटर जायला पावणेदोन तास लागले. माझ्या तोंडावरून त्या दिवशी किती जणांचा श्वास गेला ते मी मोजलं नाही. मोजायचं कारणच नव्हतं तेव्हा.

हे सहा फुटांवरून कसं करायचं? मास्क लावून केलं असतं म्हणाल, तर रांगत-घसटत जाताना घामाने आणि वाफेने मास्क काही मिनिटांत ओला फडका होतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये वेल्समधल्या ओगोव्ह फनॉन दी या गुहेत एक जण पडून जबर जखमी झाला. नवखा नव्हता, चांगला अनुभवी होता. त्याला बाहेर काढायला ५४ तास लागले आणि ब्रिटनभरातून आलेली अडीचशेच्या आसपास माणसं लागली, बहुतेक सगळी स्वयंसेवक. तोवर लस आली होती. हाच अपघात एप्रिल २०२० मध्ये झाला असता तर? तेव्हा तिथल्या केव्हिंग आणि गुहाबचाव संस्थांनी ‘आत जाऊ नका’ असं आपल्याच लोकांना सांगितलं होतं ते याच हिशेबाने. गुहेत जाणारे चार असतात. पाय मोडला की ते चार राहत नाहीत, आणि जे येतात त्यांना कुणी विचारलेलं नसतं की बाबांनो, तुमच्या घरी कोण आहे, म्हातारं माणूस आहे का, आजारी कुणी आहे का. हाक आली की ते येतात. बसमधला माणूस दुसऱ्याला धोक्यात घालत नव्हता असं मी म्हणत नाही. पण त्याला बहुधा कामावर जायचं होतं. आपल्याला गुहेत जायचं होतं.

आता वटवाघळं. तुम्ही लिहिलंय, ‘विषाणू त्यांच्याकडूनच आला ना, मग त्यांना कुणापासून वाचवायचं?’ कोविडच्या विषाणूचे सर्वात जवळचे माहीत असलेले नातेवाईक हॉर्सशू गटातल्या वटवाघळांत सापडले हे खरं. चीनच्या युनान प्रांतातला एक जनुकीय क्रमात सुमारे ९६ टक्के जुळणारा, लाओसच्या चुनखडीच्या गुहांकडचे काही त्याहून किंचित जवळचे. पण त्या उरलेल्या तीन-चार टक्क्यांत उत्क्रांतीची कित्येक दशकं आहेत. माणसांमध्ये फिरत होता तो विषाणू त्यांचा उरला नव्हता, आपला झाला होता. आणि जगात वटवाघळांच्या चौदाशेच्या वर जाती आहेत. आशियातल्या काही जातींत त्याचे नातेवाईक सापडले म्हणून युरोपातल्या दुसऱ्या जातीला तो सोसेल असं थोडंच आहे? प्रयोगशाळेत इजिप्शियन फळवटवाघळांना त्याची लागण झाली, अमेरिकेतल्या मोठ्या तपकिरी वटवाघळांना झाली नाही. आपल्याकडून तो मिंकमध्ये (फरसाठी पाळला जाणारा मुंगसासारखा प्राणी) गेला आणि मिंककडून परत माणसांत आला. डेन्मार्कने नोव्हेंबर २०२० मध्ये देशातले सगळे मिंक मारायचा निर्णय घेतला, दीड कोटीहून अधिक जीव. जंगली वटवाघळांच्या वसाहतीत असं काही झालं असतं तर कुणी काय केलं असतं, हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

तुम्ही म्हणाल, हा झाला जर-तर. मग झालेलं सांगते. २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. युरोप-आशियातली वटवाघळं या बुरशीसह जगतात, अमेरिकेतल्यांनी ती कधी पाहिली नव्हती. ती तिथे पोचली ती बहुधा माणसाच्या बुटाला किंवा सामानाला चिकटून. शीतनिद्रेतलं वटवाघूळ कधी जवळून पाहिलंत? अंगाच्या प्रत्येक केसावर दवाचा थेंब असतो, दिव्याचा झोत पडला की ते काचेचं वाटतं. शरीर गुहेइतकंच गार, हृदय मिनिटाला मोजके ठोके देणारं. शरद ऋतूत साठवलेली थोडीशी चरबी वसंतापर्यंत पुरवायची असते. ही बुरशी त्याला पुन्हा पुन्हा जागं करते आणि प्रत्येक जागेपणी चरबी जळते. बाहेर बर्फ, किडा एक नाही. लाखो वटवाघळं अशी उपाशी मेली. तेव्हापासून आम्ही गुहेतून आल्यावर कपडे आणि सामान ५५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवतो. हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं. २०२० मध्ये ते आधी दाखवायची संधी होती.

‘शास्त्रज्ञ मात्र जात होते’ हे तुमचं म्हणणंही तितकंसं खरं नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वटवाघूळ तज्ज्ञ गटाने २०२० मध्येच संशोधकांना वटवाघळं हाताळायचं काम तूर्त थांबवा म्हणून सांगितलं होतं.

फ्रान्सच्या लोंब्रीव्ह गुहेतला प्रयोग मीही उत्सुकतेने वाचला होता. मार्च-एप्रिल २०२१, पंधरा जण, चाळीस दिवस, घड्याळ नाही, फोन नाही. पण ते त्या चाळीस दिवसांत आपसांतच राहिले, रविवारी सकाळी आत आणि संध्याकाळी घरी, पुन्हा पुढच्या रविवारी दुसऱ्यांबरोबर, असं नव्हतं. ‘क्वारंटाइन’ या शब्दाच्या पोटातही इटालियन भाषेतले चाळीस दिवसच आहेत. त्या लोकांनी नेमके तेवढेच काढले.

तुमच्या दोन तक्रारी मात्र मला मान्य आहेत. एक, दोर आणि कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) तीन-तीन दिवस वेगळे ठेवण्यात आम्ही फार जीव आटवला. वस्तूंवरून होणारी लागण तेवढी मोठी नव्हती, हवेकडे आधी बघायला हवं होतं. आणि दुसरी, बंदची पाटी लावली तिथे कारण लिहिलं नाही. ‘आत वटवाघळं आहेत, आणि तुम्हाला काढायला आज कुणी येऊ शकणार नाही’ एवढं लिहिलं असतं तर निम्मे लोक आपणहून मागे फिरले असते. तुम्हीही, असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

मूळ लेखातलं हवेचं वाक्य मी आज दुरुस्त करतेय. तुम्ही ज्या गुहेचा उल्लेख केलात तिला तोंडं किती आहेत? पुढच्या वेळी जाल तेव्हा सर्वात अरुंद जागी वीतभर दोरा धरून बघा, तो आत झुकतो की बाहेर. महिना आणि बाहेरचं तापमानही टिपून ठेवा आणि मला कळवा. दुरुस्तीत घालीन.