सही बापाची, वाचन कुणाचं?

शाळेच्या ग्रुपवरचा तो वाचन-नोंदवहीचा मेसेज बाळ्यानं मोठ्यानं वाचून दाखवला आणि राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही.

"रोज पंधरा मिनिटं पोरीबरोबर वाचायचं, सही करायची, वर फोटो टाकायचा. मग शाळेत काय करत्यात लगा?" बाळ्याची रिक्षा. पोर दुसरीत. हा घरी जातो तेव्हा ती झोपलेली असते, त्यामुळं त्याचा राग अगदीच खोटा नव्हता.

अण्णांना एवढं निमित्त पुरतं. अण्णा म्हणजे प्लॉटची दलाली, पांढरे बूट आणि कुठल्याही विषयावर ‘एक मिनिट, मी सांगतो’.

"एक मिनिट, मी सांगतो. नातवाची फी भरतोय ना आम्ही? मग वाचन हे मास्तरचं काम. आमच्या वडलांनी कधी पुस्तक हातात धरलं? तरी घडलोच की आम्ही!"

"घडलाय की. म्हणून तर माझ्या मेव्हण्याच्या साठेखतात गट नंबर चुकला," नाना म्हणाले. नाना एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. सुट्टे पैसे आणि मेव्हण्याचा प्लॉट, दोन्ही विसरत नाहीत.

"तो विषय इथं कुठं आला?"

"वाचनाचाच विषय चाललाय न्हवं?"

गुरुजी इतका वेळ बिस्किट बुडवत होते. झेडपीची शाळा, पहिली-दुसरीचे वर्ग. "सह्यांचं मला सांगू नका. मागं एक फोटो आला. बाप ऐटीत बसलाय, मांडीवर पोरगं, हातात पुस्तक. पुस्तक उलटं." सगळे हसले. "मी ‘छान’ म्हणून अंगठा दिला. वरनं आकडा मागतात, काय करू?"

"म्हंजे तुम्हीबी त्यातलेच!" बाळ्या.

"आहेच. पण बाळू, तू धडा शिकवू नकोस. ते माझं काम. तू फक्त ऐक. अडखळली तर ‘एवढंबी येत न्हाय’ म्हणू नको. माझ्या वर्गातल्या एकीची आजी निरक्षर. पोरगी गोष्ट वाचते, आजी भाकरी थापत विचारते, ‘मग फुडं काय झालं?’ माझ्या फळ्यानं झालं नाही ते ह्या प्रश्नानं झालं."

मी खोच काढली, "आणि शाळेतल्या कपाटाचं कुलूप?"

"काढलं. पुस्तकं घरी जातात. फाटतात, त्यावर आमटी सांडते. शाळेच्या सामानाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरचं माझं मी बघतो. पण शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, २००९ च्या कायद्यानं. मीटिंगला खिचडीतल्या मिठावर तासभर भांडतात. पुस्तकं कुठली आणायची, हे आजवर एकानं विचारलेलं नाही."

कायदा निघाला की आमच्याकडं शांतता पसरते. नानांनी ती मोडली. "मी थोरल्याला स्टँडवर न्यायचो, गाड्यांच्या पाट्या वाचायला. ‘महाबळेश्वर’ वाचलं त्या दिवशी वडापाव दिला. जोडाक्षरं तिथंच शिकला बघा."

"आता कुठं असतो?"

"पुण्यात. कारनं येतो."

"एक मिनिट," अण्णा. "वाचनसंस्कृती म्हणजे भिलार! पुस्तकांचं गाव! २०१७ ला सुरू झालं तेव्हापासून दरवर्षी फॅमिली घेऊन जातो."

"घराघरात पुस्तकं मांडल्यात तिथं. कुणीबी बसावं, फुकट वाचावं, कुणी सही मागत न्हाय," गुरुजी म्हणाले. "काय वाचलंत?"

"आता... स्ट्रॉबेरीचा सीझन असतो ना."

ह्यावर बाळ्या इतका हसला की चहा नाकात गेला. मग मलाही राहवलं नाही. चौथीत असताना माझा ‘किशोर’चा दिवाळी अंक अण्णांनी नेला होता, दोन दिवसांत देतो म्हणून. सगळ्यांसमोर मागितला.

"आरं, देतो की!" अण्णा उसळले. "वाचून तर होऊ दे!"

"अण्णा, फोटो टाका," गुरुजी म्हणाले. "अंगठा देतो."