तीन सेकंदांत तीस गोळ्या, कागदावर चार भोकं

मागच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवरून परतताना मंडळातल्या एका तरुण मित्राने विचारलं, "ताई, तो फोर्स्ड रीसेट ट्रिगर घेऊ का? आता कायदेशीर झालाय म्हणे." म्हणजे रायफलमधून भराभर गोळ्या सोडणारा चाप. गाडीत नीट सांगता आलं नाही. टेक्सासमधल्या आपल्या पोरांत हा विषय हल्ली सारखा निघतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

घेऊ नकोस.

माझा बंदुकीला विरोध नाही. कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत पॉइंट टू-टूची, म्हणजे लहान गोळीची रायफल हाती आली, तेव्हापासूनचं हे वेड. पोटावर झोपायचं, पाच गोळ्या मारायच्या, आणि पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत, हा आमच्या उस्तादांचा हट्ट. "चाप ओढू नकोस, दाब," असं ते दर वेळी सांगायचे. गोळी सुटली की बोट तसंच थांबवायचं आणि मग हळूच सैल करायचं. नेमबाजी म्हणजे ते थांबणं, असं मी आजही मानते.

हा ट्रिगर नेमकं तेच काढून घेतो. गोळी सुटली की रायफलची यंत्रणाच ट्रिगरला जोर लावून पुढे ढकलते. तुमचं बोट दाबलेलंच असतं, त्यामुळे लगेच पुढची गोळी सुटते. शनिवारी एकाने त्याच्या एआर-15 रायफलला तो बसवून आणला होता. पंचवीस यार्डांवर कागद, मॅगझीनमध्ये 30 गोळ्या. तीनेक सेकंदांत सगळं संपलं. कागद ओढून पाहिला तर चार भोकं. पहिलं छातीवर, दुसरं खांद्याशी, उरलेली दोन वरच्या कडेला. बाकीच्या गोळ्या नळी वर उचलली गेल्याने मागच्या मातीच्या बांधात गेल्या. ट्रिगरचे काहीशे डॉलर वेगळेच. साधी गोळी चाळीस-पन्नास सेंटला धरली तरी त्या तीन सेकंदांत बारा-पंधरा डॉलर उडाले, आणि हाताला काहीही नवीन शिकायला मिळालं नाही.

अमेरिकन लष्करालाही हे कळलं होतं. व्हिएतनाममध्ये त्यांची एम-16 रायफल फुल ऑटोवर, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहायच्या तेव्हा, धडाधड रिकामी व्हायची, म्हणून 1980 च्या दशकातल्या एम-16ए2 मध्ये एका दाबाला तीनच गोळ्या, अशी मर्यादा घातली. पुढे एम-4ए1 या रायफलीत फुल ऑटो परत आलं खरं, पण रायफलवाला सैनिक आजही बहुतेक वेळा एकेक गोळी झाडायलाच शिकतो.

आता "कायदेशीर झालाय" याबद्दल. 2022 च्या मार्चमध्ये एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने, पत्र काढलं की यातले काही ट्रिगर म्हणजे मशीनगनच. लोकांना ते जमा करा म्हणून नोटिसा गेल्या. मे 2025 मध्ये सरकारने हे ट्रिगर विकणाऱ्या रेअर ब्रीड या कंपनीशी तडजोड केली आणि तोच माल पुन्हा विकला जाऊ लागला. बंप स्टॉकचंही तसंच. (हा रायफलचा असा दस्ता, जो गोळीच्या धक्क्याचा वापर करून तिला भराभर झाडायला लावतो.) 2010 मध्ये एटीएफची संमती, 2019 मध्ये बंदी, आणि 14 जून 2024 ला सुप्रीम कोर्टाने 6-3 ने बंदी उठवली. शिवाय राज्याराज्यांचे नियम निराळे, कॅलिफोर्नियात असला ट्रिगर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. इथे जन्मलेला माणूस एखादे वेळी हा खेळ खेळू शकेल. पण तू ग्रीन कार्डवर आहेस. बेकायदा मशीनगनला दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर देशाबाहेर काढतात. एच-वनवाल्यांना तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर साधी बंदूकही बाळगता येत नाही, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नसतं!

आणि जे मला गाडीत बोलता आलं नाही ते आता लिहिते. 1 ऑक्टोबर 2017, लास वेगास. मँडले बे हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने खाली संगीत महोत्सवातल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. रायफलींना बंप स्टॉक लावलेले होते. दहाएक मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या, 60 माणसं गेली. तिथे त्याला नेम धरायची गरजच नव्हती, समोर गर्दी होती. लोकांनी फोनवर घेतलेल्या व्हिडिओंमधला तो सलग आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. शनिवारी शेजारच्या लेनवर तसाच आवाज आला आणि माझे हात गार पडले. तुम्ही सगळे हसत होतात, फोनवर शूट करत होतात. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण गर्दीवर गोळ्या झाडण्यापलीकडे ज्या वेगाचा कुठेच उपयोग दिसत नाही, तो विकत घेऊन कपाटात ठेवायचा कशाला?

खर्च करायचाच असेल तर एक चांगला साधा ट्रिगर घे, हलका आणि स्वच्छ सुटणारा. उरलेल्या पैशांच्या गोळ्या घे. येत्या शनिवारी मी माझी टू-टू आणते. पोटावर झोपायचं, पाचच गोळ्या. रुपयाचं नाणं माझ्याकडे आहे.