म्हाताऱ्या पावसाची नोंद

सकाळी साडेआठला मी फोन उचलत नाही. लेकीला, सुनेला, नातीला आता ते माहीत झालंय. त्या वेळी मी परड्यात पर्जन्यमापकापाशी असते. वरचं नरसाळं काढायचं, आतली बाटली उचलायची, पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा आणि लगेच वहीत लिहायचा. कोरड्या दिवशीसुद्धा जायचं आणि शून्य लिहायचं. रकाना मोकळा सोडायचा नाही, कारण मोकळ्या रकान्याचा अर्थ "पाऊस नव्हता" असा होत नाही, "कुणी बघितलं नाही" असा होतो.

२०११ ला मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. तेव्हापासून हा नेम आहे. आता बहात्तरी ओलांडली. गाव खटाव तालुक्यात, येरळा नदीच्या खोऱ्यात. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला या, आमच्या खटाव-माणमध्ये पाचशेच्या आसपास. ढग डोंगरावर सगळं सांडून येतात आणि आमच्याकडे नुसता वारा पाठवतात. जिथं पाऊस इतका बेताचा, तिथं तो मोजून घ्यायलाच हवा असं मला पहिल्यापासून वाटत आलंय.

हा छंद लागला तो एका पोराच्या प्रश्नामुळे. शाळेत पाऊस मोजण्याचा पाठ चालू होता. मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, भांडं मोठं ठिवलं की पाऊस जास्त भरंल की. मग खरा आकडा कुठला?" मी फळ्यावर समजावलं, पण त्याच्या चेहऱ्यावर पटल्याची खूण दिसेना. मग आम्ही शाळेच्या मैदानात तीन डबे मांडले. एक रंगाचा मोठा डबा, एक मधला पत्र्याचा, एक छोटा. तिन्ही सरळ उभ्या बाजूंचे. रात्री पाऊस झाला. सकाळी त्यानं स्वतः पट्टी बुडवून तिन्ही डबे मोजले. तिन्हीत पाणी सारख्याच उंचीचं. त्यानं परत मोजलं. मग माझ्याकडे बघून हसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे सकाळचे क्षण मला फार थोडे मिळाले, आणि तो मी अजून जपून ठेवलाय.

निवृत्तीच्या पैशांतून मी पहिली वस्तू घेतली ती पर्जन्यमापक. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो बसवायचा, तोंड जमिनीपासून फूटभर वर, काठ अगदी समतल. परड्यातला शेवगा त्यासाठी तोडावा लागला. सासूबाईंनी लावलेला होता, जीवावर आलं, पण तोडला. साडेआठचीच वेळ का, असं नात विचारते. देशभर हवामान खात्याचे लोक चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतात. काल साडेआठ ते आज साडेआठ. माझी वही सरकारी नाही, पण वेळ तीच पाळली तरच तिचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. आणि मी नरसाळं उचलते तेव्हा कुठेतरी कोकणात, विदर्भात कुणीतरी तेच करत असतं, हे मनात आलं की फार बरं वाटतं.

एकदा मोठी चूक झाली, तीही सांगते. चौथ्या का पाचव्या वर्षी मोजपात्र हातातून निसटलं आणि फुटलं. दुसरं मागवलं. दुकानदारानं दिलं ते मी वापरू लागले. दीड महिना वापरलं. एका रात्री असा कोसळला की सकाळी शेतात वीतभर ओल, आणि पात्र म्हणतंय वीस मिलिमीटर. मन मानेना. अंगणात उभा असलेला रंगाचा डबा आठवला, त्यात पट्टी घातली तर चाळीस! तेव्हा उलगडलं. माझ्या नरसाळ्याचं तोंड शंभर चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे दहा मिलिलिटर पाणी साठलं की एक मिलिमीटर पाऊस. मला मिळालेलं पात्र दोनशे चौरस सेंटिमीटरच्या मापकाचं होतं, त्याला एका मिलिमीटरला वीस मिलिलिटर लागतात. दीड महिना मी निम्मा पाऊस लिहीत होते. खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, हे मी आयुष्यभर मुलांना सांगितलं. तसंच केलं. ती पानं लाल रेघांनी भरलेली आहेत, आणि तारखेसह कारण लिहिलेलं आहे. ज्यांना हा नेम करायचा असेल त्यांनी नरसाळ्याचं क्षेत्रफळ आणि पात्रावरचा आकडा आधी जुळवून घ्या. पात्र नसेल तर औषधाचं मिलिलिटरचं माप चालतं, फक्त भागाकार बरोबर करा.

मिलिमीटर म्हणजे नेमकं किती, हे लोकांच्या डोळ्यांपुढे येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटरचा एक पाऊस झाला की एकरावर लाखभर लिटर पाणी पडलेलं असतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा टँकर, एका एकरात, एका रात्रीत. टँकरमागे हंडे घेऊन पळालेल्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्या गप्प होतात आणि मग एखादी हळूच विचारते, "मग बाई, ह्ये समदं जातं कुठं?" या एका प्रश्नावर गावात जेवढं बोलायला हवं तेवढं अजून बोललं जात नाही.

२६ जुलै २००५ ला लेक मुंबईत अडकली होती. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडच्या जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात. तेव्हा आकडा नुसता ऐकला होता. आता रोज मोजते, तर त्या आकड्याची धास्ती वाटते.

जूनमध्ये माझ्या ओसरीवर माणसं येतात. "बाई, किती झाला वो? पेरू का नगं?" कृषी विद्यापीठांचा सल्ला असा की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायची घाई करू नये. मी एकूण बेरीज सांगते, निर्णय त्यांचा. २०२५ ला तर सगळंच उलटं झालं. रोहिणी नक्षत्र निघतं २५ मेच्या सुमारास, आणि त्याच वेळी मान्सून येऊन थडकला. २६ मेला मुंबईत दाखल, इतक्या लवकर तो तिथं पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. आमच्या भागात रानं अशी भिजली की वाफसाच येईना, म्हणजे माती मशागतीजोगी सुकेना, मग कुळव घालायचा कसा? पाऊस कमी पडल्याची काळजी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची. लवकर आणि जास्त पडल्याची काळजी नवीन आहे, तिला आमच्याकडे म्हणी नाहीत.

वहीत तारखेशेजारी मी नक्षत्रही लिहिते. मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. काही शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. मला ते मान्य नाही. सूर्य आकाशात कुठं आहे ते नक्षत्र सांगतं, आणि आमच्या माणसांनी शेकडो वर्षं पावसाच्या आठवणी त्या खुंट्यांना टांगल्या. मघा पडल्या तर पडल्या, नाहीतर वरती बघा. स्वाती पडल्या तर मोती पिकतात. ही आमची वही होती, फक्त तोंडी. मात्र एवढं खरं की खुंटीसुद्धा सरकते. बहात्तर वर्षांत साधारण एक दिवस. पेशवाईत मृग आताच्यापेक्षा तीनेक दिवस आधी निघायचा. पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, हत्ती, म्हैस, बेडूक, कोल्हा, त्यावरून पाऊस किती ते सांगतात. मी ती वाहनं कितीतरी वर्षं आकड्यांशेजारी लिहिली. मेळ बसला नाही. नक्षत्रं मी अजून लिहिते, वाहनं लिहायची सोडून दिली.

आता मला ज्यासाठी ही पोस्ट लिहायची होती ते. आपल्या वयाची माणसं पारावर बसली की पहिलं वाक्य ठरलेलं, "पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही." मीही म्हणायची. एका वर्षी विहिरी तळाला गेल्या. दीर आणि मी, दोघंही ठामपणे सांगत होतो की यंदा हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, पडलाच नाही. वही उघडली. हस्तात चार दिवस पाऊस होता, आणि आकडेही लहान नव्हते. पण त्यातला बहुतेक पाऊस एका संध्याकाळी दीड तासात ओतला होता, ओढ्याला लोंढा आला आणि माती घेऊन गेला. पाऊस पडला होता, मुरला नव्हता. दोष आम्ही ढगावर ढकलत होतो, आणि बांध फुटलेला होता आमचा. वही नसती तर त्या वर्षाची खोटी आठवण मी नातवंडांना खरी म्हणून दिली असती. १९७२ च्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांची होते, खडी फोडायच्या कामावर जायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. त्या वर्षी आमच्या गावात नेमका कधी आणि किती पाऊस झाला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. भूक आठवते, पाऊस आठवत नाही.

आणि एक सल आहे. आमच्याकडे अधिकृत पाऊस धरतात तो महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाचा. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. एका सप्टेंबरात, बटाटा काढणीला आलेला असताना, रात्रीत माझ्या मापकात ७८ भरला. मंडळाचं यंत्र आठ-नऊ किलोमीटरवर, तिथं ६५ च्या आत. बटाटा जमिनीत सडला. चार शेतकरी भरपाई मागायला माझी वही घेऊन गेले, आणि ती बाजूला सारली गेली. खासगी नोंद ग्राह्य नाही म्हणाले. नियम नियमाच्या जागी, मी समजू शकते. पण आमच्या भागात पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं, हे कुणालाही विचारा. मग प्रत्येक गावात एक मापक, आणि प्रत्येक शाळेत त्याची एक वही, हे मागणं फार आहे का? मुलं मोजतील. सुट्टीत आम्ही म्हातारी माणसं मोजू. आम्हाला "आता आराम करा" असं प्रेमानं सांगतात. आराम आहे हो, सकाळचे साडेआठ सोडून सगळा दिवस आरामच आहे. पण आमचे डोळे, आमचं अक्षर आणि आमचा रिकामा वेळ गावाच्या उपयोगी पडू शकतो, तो मागून घ्या.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यात पाच आठवडे राहावं लागलं. माझ्या काळजीत वही पहिली होती. शेजारची सातवीतली मुलगी रोज साडेआठला यायची आणि आकडा फोनवर पाठवायची. परत आल्यावर पाहिलं, पस्तीस दिवस, पस्तीस रकाने, त्यात सव्वीस शून्यं. प्रत्येक शून्य गोल, नीट, बंद केलेलं. मी तिला नवीन वही दिली.

सध्या पुष्य चालू आहे. आमच्या घरात पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणायचे आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. आमच्या दुष्काळी भागात हा म्हातारा नुसती भुरभुर करतो. बाहेर वाळत घातलेलं लुगडं भिजतं, पण पागोळी गळत नाही. अडीच मिलिमीटरच्या खालचा दिवस हवामान खात्याच्या हिशेबात पावसाचा दिवस धरत नाहीत. खरा भरवसा आम्हाला पुढच्या उत्तरा-हस्ताचा, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, त्यावरच पेरायचा असतो. तरी आज सकाळी बाटलीच्या तळाशी पाणी होतं. पात्रात ओतलं, गुडघा सांभाळत खाली बसले, चष्मा पुसला, दोनदा वाचलं. आठ मिलिलिटर. म्हणजे ०.८. बाजरीच्या पानांवर थेंब होते आणि मातीचा वरचा पापुद्रा ओला होता. ०.८ लिहिलं, शेजारी "पुष्य, भुरभुर, पश्चिमेचा वारा" असं लिहिलं.