आमची गाडी तेल खात नाही

गाडी घेऊन तीन महिने झाले तरी ऑइलच्या पट्टीवरची पातळी तसूभर खाली आली नव्हती. याचा मला इतका अभिमान, की घरी जेवायला कोणी आलं की त्याला आधी बॉनेट उघडून पट्टी दाखवायचो. "१९८७ची गाडी, पण एक थेंब खात नाही!" पाहुणे "वा वा" म्हणायचे. ऑकलंडमध्ये रविवारी आयती पुरणपोळी मिळत असताना पट्टीला कोण नावं ठेवणार?

नावं ठेवली ती बाबांनी. कोल्हापुरातून, व्हिडिओ कॉलवर.

"अजिबात कमी होत नाही?"

"अजिबात नाही, बाबा."

"मग लेका, ती आजारी आहे. जेवत नाही ती."

बाबांचा गाड्यांचा अनुभव म्हणजे एक चेतक, नंबर लावून काही वर्षांनी मिळालेली. पंपावर गेलं की पेट्रोल भरणारा "ऑइल किती?" विचारायचा, आणि बाबा लिटरला वीस मिली हे सत्यनारायणाच्या प्रसादातल्या सव्वा वाटी रव्याइतकं अचूक सांगायचे. तेल पेट्रोलबरोबर जळलंच पाहिजे, ही त्यांची चाळीस वर्षांची श्रद्धा. माझी गाडी काही टू-स्ट्रोक स्कूटर नव्हे, माझदा आरएक्स-७ आहे, हे मी त्यांना तुच्छतेच्या बारीक सुरात समजावलं. ते "बरं" म्हणाले. त्यांचं हे "बरं" फार वाईट असतं. फोन ठेवल्यावर दोन तास कानात राहतं.

रात्री म्हणून मी आपलं इंजिन नक्की काय आहे ते वाचायला बसलो. (हे लोक गाडी घ्यायच्या आधी करतात.) त्यात पिस्टन नाही, हे मला ठाऊक होतं, त्याच्याच जोरावर तर मी मित्रांत भाव खायचो. पोटाला चिमटा काढलेल्या लांबोळक्या डब्यात एक फुगीर समोसा फिरतो. असे दोन समोसे, प्रत्येकी ६५४ सीसीचे. समोशाच्या तिन्ही टोकांना एकेक धातूची पट्टी, आणि ती सदैव डब्याच्या भिंतीला घासत जाते. ज्या फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन गृहस्थांनी हे शोधून काढलं, त्यांच्याकडे म्हणे गाडी चालवायचा परवानाच नव्हता. मला आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. माझदाच्या इंजिनिअरांना सुरुवातीला या पट्ट्यांनी असे काही ओरखडे काढून दाखवले, की त्यांनी त्या ओरखड्यांना 'सैतानाची नखं' असं नाव ठेवलं. ती नखं कापून १९६७ साली त्यांनी कॉस्मो ही गाडी बाजारात आणली, आणि १९९१मध्ये याच जातीच्या इंजिनावर फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली.

पुढचं वाक्य वाचून मात्र मला घाम फुटला. त्या पट्ट्यांना तेल लागतं, आणि ते नेमकं जिथे आग पेटते तिथेच लागतं. त्यासाठी एक छोटा मीटरिंग पंप असतो. तो इंजिनातलंच तेल घेऊन, ॲक्सिलरेटर दाबाल त्या मानाने, बारीक नळ्यांतून थेंबथेंब आत सोडतो. ते तेल जळून जातं. म्हणजे ऑइलच्या पट्टीवरची पातळी उतरणं हे या गाडीचं निरोगी लक्षण. मी तीन महिने पाहुण्यांना पेशंटचा रिपोर्ट दाखवत होतो.

सकाळी पाना, टॉर्च आणि व्हिडिओवर बाबा असं पथक कामाला लागलं. पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला असायला हवा होता. मी मान घालून फोन आत धरला.

"काय दिसतंय?"

"एक ॲल्युमिनियमची चपटी पट्टी, बाबा. छान चकचकीत आहे. दोन बोल्ट आहेत."

"ते झाकण झालं. पंप कुठाय?"

पंप नव्हता. कंपनीने दिला होता. मागच्या मालकाने काढून, भोक बुजवून टाकलं होतं. असं करणारे बरेच असतात. जुन्या नळ्या ठिसूळ होऊन तडकतात, शिवाय इंजिन ऑइल जळलं की राख राहते. त्यापेक्षा स्वच्छ जळणारं टू-स्ट्रोक तेल थेट पेट्रोलच्या टाकीत मिसळलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. फक्त टाकीत तेल घालायचं लक्षात ठेवावं लागतं.

आणि तेव्हा मला डिकीतली बाटली आठवली. गाडी देताना तो माणूस "कीप हर ऑइल्ड, मेट" म्हणाला होता आणि टू-स्ट्रोक तेलाची अर्धी बाटली ठेवून गेला होता. मला वाटलं, काय प्रेमळ लोक, गवत छाटायच्या मशीनसाठी तेलसुद्धा देतात! तीन महिने मी ते तेल त्या मशीनला पाजत होतो. ते तुपाशी, गाडी उपाशी.

"किती चालवलीस?" बाबा.

"चारशे किलोमीटर. रविवारी-रविवारीच."

"रविवारी उपास. बरं." पुन्हा तेच.

आता प्रमाणाचा प्रश्न. पंप नसेल तर लिटरला साधारण आठ मिली घालतात, हे मी सांगितलं. बाबांना ते होमिओपॅथी वाटलं. "आमच्या वेळी वीस होतं!" घासाघीस करत आम्ही दहावर आलो. मंडईत वांगी घेतल्यासारखं. चाळीस लिटरला चारशे मिली. मापाला खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण, म्हणजे चाळीस वेळा. आधी तेल ओतायचं, वरून पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. पेट्रोल पंपावर माझ्या मागे चार गाड्या थांबलेल्या, मी बावीस, तेवीस मोजतोय, आणि बायको पुढच्या सीटवर आपण मला ओळखतच नाही असा चेहरा करून बसलेली. सव्विसावर एकाने हॉर्न दिला. मी पुन्हा एकपासून सुरू केलं नाही, पण अठ्ठावीस होते की एकोणतीस, हे आजतागायत नक्की नाही.

धूर थोडा निळसर आला. वास आला तो थेट आमच्या गल्लीतल्या सकाळी सातचा. बायको म्हणाली, "अगदी मामंजींची स्कूटर!"

इथे थांबायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात गाडी फक्त ड्राइव्हवेतून गॅरेजात घ्यायला म्हणून थंडगार असताना चालू केली आणि लगेच बंद केली. अशा फिरत्या समोशाच्या, म्हणजे रोटरी, इंजिनाला हे चालत नाही. आत पेट्रोल साचून ती बसते. दुसऱ्या दिवशी नुसतीच घर्रघर्र. इलाज मी वाचलेला होता: पेट्रोलचा फ्यूज काढायचा, स्टार्टर मारून साचलेलं बाहेर फेकायचं, मग फ्यूज परत लावायचा. पण बाबा फोनवर होते, आणि त्यांच्याकडे चेतकचा इलाज होता.

"आडवी कर."

"बाबा, बाराशे किलोची आहे."

"थोडी तरी कर."

शेवटी शेजाऱ्याच्या मदतीने ढकलत तिची डावी दोन चाकं फुटपाथच्या कडेवर चढवली, मग गुपचूप फ्यूज काढून स्टार्टर मारला, परत लावला, आणि तिसऱ्या प्रयत्नाला ती खोकत, धूर सोडत सुरू झाली. शेजारी टाळ्या वाजवत होता. फोनवर बाबा शांतपणे चहा पीत होते.

"बघ," ते म्हणाले. "आता सरळ कर तिला."

फ्यूजचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.