कराडचं तिकीट घेऊन तो कासेगावला उतरला

आज सकाळी सांगली-कराड गाडीत माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजला जाणारा एक पोरगा होता. कंडक्टर आले. "कुठं?" पोरानं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मान ताठली, डोळे गच्च मिटले, मूठ मांडीवर आपटायला लागली. "बोल की लवकर." मागं कुणीतरी फिसकन हसलं. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "सावकाश बोल बाळा, घाबरू नको." शेवटी कंडक्टरनंच विचारलं, "कराड?" पोरानं मान हलवली, पैसे दिले. आणि उतरला कासेगावला.

दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. पैसे जास्त गेले याचं काही नाही हो. आपल्या गावाचं नाव घ्यायच्या ऐवजी दुसऱ्याच्या तोंडचं गाव पत्करणं त्याला सोपं वाटलं, ते टोचतंय. अडखळत, म्हणजे तोतरं बोलणाऱ्या माणसांबरोबर माझं रोजचं काम आहे, त्यामुळं त्या चार-पाच सेकंदांत त्याच्या घशात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. "क" म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूला टेकते, क्षणभर हवा अडते आणि सुटते. त्याची जीभ तिथं दाबून बसली होती आणि खाली स्वरयंत्रही मिटलं होतं. हवा जाणार कुठून? आणि तो जितका जोर लावत होता तितकं ते आवळत होतं. गाठ ओढून सुटत नाही, तसंच.

तर काकू, तुमचं मन चांगलं होतं हे मान्य. पण "सावकाश बोल" यातून त्याला एवढंच कळतं की तू अडकलास हे सगळ्या गाडीला दिसलं. तो घाबरून अडकत नाही. अडकतो म्हणून घाबरतो. हे मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीशी निगडित आहे, बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. लहानपणी भूत बघितलं, डावखुऱ्याला उजव्या हातानं लिहायला लावलं, शेजारच्या तोतऱ्याची नक्कल केली म्हणून झालं, असलं काही नसतं. जीभही जड नसते. हीच मुलं गणपतीच्या आरतीत सगळ्यांबरोबर एकदाही न अडकता म्हणतात, गाण्यात अडकत नाहीत, एकटी असताना घडाघडा बोलतात. जिभेत दोष असता तर आरतीत कुठं गेला असता? तरी आपल्याकडं वेखंड उगाळून जिभेला चोळतात, तोंडात गोट्या धरून बोलायला लावतात. आणि "७ दिवसांत तोतरेपणा गायब" असे बोर्ड लावून गरीब आईबापांकडून हजारो रुपये उकळणारे आहेतच. त्यांच्यावर लिहायला बसले तर शिव्याच येतील तोंडात. अडखळणं बरं करणारी गोळी अजून निघालेली नाही. एवढं लक्षात ठेवा, पुरे.

असल्या बोर्डवाल्यांच्या क्लासांत तालावर, ओढून ओढून बोलायला लावतात. चार दिवस खरंच कुणी अडकत नाही, हेही कबूल करते. पण त्या सुरात एसटीत कोण बोलणार? आठवड्यात ते निसटतं आणि पोराला वाटतं दोष माझाच.

काम करतं ते वेगळंच, आणि ते ऐकायला उलटं वाटतं. अडखळणं लपवायचं नाही, सोप्या पद्धतीनं अडखळायला शिकायचं. अमेरिकेतले चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः अडखळत, त्यांनी ही पद्धत बसवली. पहिली पायरी अशी: शब्द अडकला तरी कसाबसा पुरा करायचा, मग थांबायचं. पूर्ण ३ सेकंद. तेवढ्यात जबडा, मान, पोट सैल सोडायचं आणि तोच शब्द पुन्हा, हलक्या स्पर्शानं म्हणायचा. हे अंगवळणी पडलं की दुसरी: अडकलेल्या जागीच थांबायचं, मागं जाऊन पुन्हा सुरुवात करायची नाही, जोर हळूहळू कमी करत त्या अक्षरातून घसरत बाहेर यायचं. तिसरी पायरी, शब्द यायच्या आधीच जीभ सैल ठेवणं, ही सगळ्यात शेवटी. सगळ्यांना तिसरीच आधी हवी असते, आणि तिथंच फसतं. अडकण्याची भीती तशीच राहते, मग ऐनवेळी काही आठवत नाही.

दुसरी नेहमीची चूक श्वासाची. "मोठा श्वास घे आणि बोल" असं सांगतात. पोरगं छाती भरून श्वास घेतं आणि धरून ठेवतं, म्हणजे स्वरयंत्र आधीच बंद! साधाच श्वास घ्यायचा, तो बाहेर पडायला लागला की त्यावर आवाज सोडायचा. आणि ती मांडीवरची मूठ. कधीतरी मूठ आपटली आणि शब्द सुटला, म्हणून सवय लागली. आता शब्द सुटत नाही आणि मूठही सुटत नाही.

मुद्दाम अडखळणं हाही सराव आहे. दिवसातून ५ वेळा, अनोळखी दुकानात, जो शब्द अडकणार नाही तोच जाणूनबुजून हलकेच "सा-सा-साबण" म्हणायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. आधी घरात, मग दुकानात, मग फोनवर, गाडीतला कंडक्टर त्यानंतर. स्वतःचं नाव सगळ्यात अवघड, कारण त्याला दुसरा शब्द नसतो. इतर वेळी "पाणी" अडकलं तर पोरं "जल" म्हणतात, कासेगाव अडकलं तर कराड घेतात. अशी एकेक पळवाट घेत घेत पोरगं वर्गात हात वर करायचं सोडतं, मुलाखतीला जात नाही.

लहान मुलांचं थोडक्यात सांगते. २ ते ५ वर्षांत १०० मुलांतली ५ ते ८ अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी शंभरात साधारण एकाचं राहतं. अडखळायला लागून सहा महिने उलटले, किंवा घरात आणखी कुणी अडखळणारं असेल, तर "होईल मोठा झाल्यावर" म्हणत बसू नका, वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. तोवर मुलाला नाही, स्वतःलाच सावकाश बोलायला लावा. त्याचं झाल्यावर एक सेकंद थांबून उत्तर द्या. प्रश्नांचा मारा नको. रोज ५ मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, फक्त त्याच्याबरोबर.

कंडक्टरला पन्नास तिकिटं फाडायची असतात, मान्य. पण पाच सेकंदच लागले असते हो. त्याच्याकडं नेहमीसारखं बघत थांबायचं, शब्द पुरा करायचा नाही, बाकी काही नको. मीही मधे पडले नाही, कारण त्याच्या वतीनं बोलणं म्हणजे मीही त्याचा शब्द हिसकावणं. पण त्या हसणाऱ्याकडं वळून बघायला हवं होतं, ते राहिलं.

आणि त्या पोरापर्यंत ही पोस्ट कुणामार्फत पोचली तर: बाळा, "क"ला जीभ इतकी दाबू नकोस, नुसती टेकव. आधी सांग, "मी अडखळतो, जरा थांबा." मग अडकलास तरी चालेल, तिथंच सैल हो आणि घसरत पुढं ये. कंडक्टर मधेच "कराड?" म्हणाले तर मान आडवी हलव, आणि पुन्हा कासेगावच म्हण.