पोर्तुगाल, मोझांबिक आणि पन्नास वर्षांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पोर्तुगालची राजधानी लिस्बन आणि मोझांबिकची राजधानी मापुतो इथल्या राहणीमानावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. तुम्ही नुसता राग काढला नाहीत, मुद्दे मांडलेत, म्हणून उत्तरही मुद्द्यांनाच देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की पोर्तुगालसुद्धा हुकूमशाहीत पिचलेला गरीब देश होता. २५ एप्रिल १९७४ रोजी तिथे क्रांती झाली, २५ जून १९७५ रोजी त्याची आफ्रिकेतली वसाहत मोझांबिक स्वतंत्र झाली. चौदा महिन्यांच्या अंतराने दोघं एकाच राजवटीतून सुटले. आज एकाचं दरडोई उत्पन्न वर्षाला २५ हजार डॉलरच्या वर आणि दुसऱ्याचं सहाशेच्या आसपास. ‘पन्नास वर्षं झाली, अजून किती दिवस वसाहतवादाच्या नावाने खडे फोडणार? शेवटी माणसं आणि नेते यांच्यावरच ठरतं,’ असं तुम्ही लिहिलंत. पुढे गोव्याचं आणि आफ्रिकेतल्याच, पण पुढे गेलेल्या बोत्सवानाचं उदाहरणही दिलंत.

आधी माणसांचं बघू. १९६०च्या दशकात पोर्तुगालमधून लाखो लोक पोट भरायला फ्रान्सला जात होते. बरेचसे चोरून, रात्री डोंगर ओलांडून. पॅरिसच्या कडेला शांपिन्यी इथे त्यांची झोपडपट्टी होती. फळ्या, पत्रे, चिखल आणि त्यात हजारो पोर्तुगीज. १९७०च्या जनगणनेत पोर्तुगालमधला दर चौथा माणूस निरक्षर होता. जन्मलेल्या हजार बाळांपैकी ५५ बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत. आज हा आकडा तीनच्या आसपास आहे आणि जगातल्या उत्तम देशांत गणला जातो. हुकूमशहा सालाझारने मुलांची सक्तीची शाळा वर्षानुवर्षं जेमतेम तीन इयत्तांची ठेवली होती. १९७४ नंतर शाळा वाढल्या, १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला, गावागावांत आरोग्य केंद्रं निघाली. माणसं तीच होती. शांपिन्यीच्या चिखलात राहणाऱ्यांची नातवंडं आज इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत.

आता त्याच काळातला मोझांबिक बघा. स्वातंत्र्याच्या दिवशी तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर होते. १९६१ पर्यंत तिथल्या आफ्रिकी माणसाला कायद्याने नागरिकच मानलं जात नव्हतं. ‘देशी’ म्हणून वेगळी वर्गवारी, सक्तीची मजुरी, सक्तीची कापूसलागवड. पोर्तुगीज रीतिरिवाज स्वीकारल्याची परीक्षा पास होऊन जे ‘नागरिक’ ठरले, ते लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. देश स्वतंत्र झाला तेव्हा पाचशेच्या वर डॉक्टरांपैकी शंभरसुद्धा मागे राहिले नाहीत.

पण मोझांबिकच्या नव्या सरकारने पहिल्या चार-पाच वर्षांत काय केलं, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल मूळचे परिचारक. इस्पितळात पोर्तुगीज रुग्णाला एक वागणूक आणि आफ्रिकी रुग्णाला दुसरी, हे त्यांनी नोकरीत रोज पाहिलेलं. स्वातंत्र्यानंतर महिन्याभरात आरोग्यसेवा सरकारी झाली. १९७६ ते ७८ या काळात लसीकरणाची मोहीम झाली, ती देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत पोचली. रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत, तरी पोचली. १९८० सालापर्यंत निरक्षरतेचं प्रमाण सत्तर-बहात्तर टक्क्यांवर आलं. पोर्तुगालने १९७४ नंतर जे केलं, तेच मोझांबिकनेही करायला घेतलं आणि त्याचा गुणही तसाच येऊ लागला. हा माझ्या लेखाचा गाभा होता.

मग घोडं अडलं कुठे? शेजारात. मोझांबिकच्या एका अंगाला गोऱ्यांचा ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे), दुसऱ्या अंगाला वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. १९७६ साली माशेल सरकारने ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली आणि १९८० मध्ये ऱ्होडेशिया संपल्यावर ती दक्षिण आफ्रिकेने पोसली. या बंडखोरांनी ठरवून काय जाळलं? शाळा आणि दवाखाने. शिक्षक आणि परिचारिकांना वेचून मारलं. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये तह झाला, तोवर युद्ध, दुष्काळ आणि उपासमारीत सुमारे दहा लाख माणसं गेली होती. पेरून ठेवलेले भूसुरुंग काढून देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं.

१९८६ हे एकच साल घ्या. १ जानेवारीला पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला. रस्ते, पाणीपुरवठा, प्रशिक्षण यांसाठी ब्रसेल्सहून पैसा येऊ लागला, श्रीमंत शेजाऱ्यांची बाजारपेठ खुली झाली. त्याच साली मोझांबिकमध्ये लाखो लोक घरदार सोडून पळत होते आणि १९ ऑक्टोबरला माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळलं. (त्याच विमानात आकिनो द ब्रागांसा होते, मूळचे आपल्या गोव्याचे. मापुतोचं आफ्रिका अभ्यास केंद्र त्यांनी उभं केलं. गोव्यात तरी त्यांची आठवण जास्त निघायला हवी.) पोर्तुगालच्या कष्टाचं श्रेय मी काढून घेत नाही. वसाहतींमधून परतलेले पाच-सहा लाख लोक त्या छोट्या देशाने सामावून घेतले, ही मोठी गोष्ट आहे. पण एकाच्या शेजाऱ्याने पूल बांधून दिला आणि दुसऱ्याच्या शेजाऱ्याने उडवून दिला. हे वगळून ‘दोघांना सारखीच संधी होती’ कसं म्हणता येईल?

‘जुनं उगाळू नका,’ असंही तुम्ही म्हणालात. जुनं अजून चालू आहे, म्हणून उगाळावं लागतं. झांबेझी नदीवरचं काहोरा बासा धरण पोर्तुगीजांनी १९६९ मध्ये बांधायला घेतलं. क्षमता २०७५ मेगावॉट. वीजवाहिनी टाकली ती सुमारे चौदाशे किलोमीटर लांब, थेट जोहान्सबर्गकडे. धरणाच्या कंपनीत २००७ पर्यंत ८२ टक्के मालकी पोर्तुगालची होती. मोझांबिकच्या उत्तर-मध्य भागातली ही वीज राजधानी मापुतोला मिळते, ती दक्षिण आफ्रिकेच्या जाळ्यातून फिरून परत येऊन. देशातल्या देशात उत्तर-दक्षिण जोडणारी तशी वाहिनीच टाकलेली नव्हती. रेल्वेचंही तेच. प्रत्येक मुख्य मार्ग बंदरातून निघतो आणि शेजारच्या देशात जातो, कारण तो तिथला माल काढायला बांधलेला. उत्तरेतल्या नांपुलाहून मापुतोला आगगाडीने जाताच येत नाही. आजही तिथे कोट्यवधी लोकांच्या घरात वीज नाही. नवी वाहिनी टाकायला अब्जावधी लागतात आणि सहाशे डॉलरवाल्या देशाला कर्ज महाग मिळतं.

आता काजू. हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू गोव्यात आणला तसाच मोझांबिकलाही नेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूत जगात पहिला होता आणि बराचसा माल तिथेच फोडून, सोलून बाहेर जायचा. युद्धात बागा गेल्या, कारखाने मोडकळीला आले. तहानंतर ते उभे राहू पाहत होते, तेवढ्यात १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जाला अट घातली, की कच्च्या काजूच्या निर्यातीवरचा कर कमी करा. शेतकऱ्याला भाव जास्त मिळेल, असा हिशेब होता. झालं असं, की कच्चा काजू जहाजांत भरून भारतात यायला लागला आणि काही वर्षांत तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले, त्यात बायका पुष्कळ. शेतकऱ्याला वाढीव भावातलं फारसं काही मिळालं नाही, ते मधल्यामध्ये व्यापाऱ्यांनी खाल्लं.

नांपुला भागात खरेदीच्या वेळी मी जे पाहिलं ते असं. रस्त्याच्या कडेला वजनकाटा टांगलेला. बाई कापडाच्या गाठोड्यात काजू घेऊन येते, दहा-बारा किलो. वजन होतं, पैसे हातावर पडतात, ती जाते. तिच्यासमोर कोणी बी फोडून बघत नाही. तो प्रकार नंतर गोदामात होतो. पोत्यांतून नमुना काढायचा, एक-एक बी कात्रीने चिरायची, चांगला गर, डागी, कोवळा, पोकळ अशी वर्गवारी करून वजन करायचं. ऐंशी किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल तो ‘आउटटर्न’. आमचा सगळा भाव त्या एका आकड्यावर ठरतो. तो आकडा त्या बाईला कधीच कळत नाही. तिचा माल उत्तम निघाला तरी तिचा भाव आधीच ठरून गेलेला असतो. तो काजू मग नाकालाच्या बंदरातून निघतो आणि आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत सोलला जातो. इथल्या बायकांना त्यावर मजुरी मिळते, याचा मला आनंदच आहे. पण त्या बाईला ‘माणसांवरच ठरतं’ हे मी कोणत्या तोंडाने सांगू? ती कष्टात कुठेच कमी नाही.

गोव्याचा मुद्दा. ‘गोवाही पोर्तुगिजांचाच होता, तो का नाही मागे राहिला?’ प्रश्न चांगला आहे आणि उत्तर माझ्याच बाजूचं आहे. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोवा एका मोठ्या देशाचा भाग झाला. तो देश गरीब होता, पण त्याच्याकडे विद्यापीठं होती, बाजारपेठ होती, कायदा होता. भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांना शिक्षक सीमेपलीकडून मिळाले. शाळा जाळायला कोणी सैन्य पाठवलं नाही. शिवाय पोर्तुगीज अमलातही गोमंतकीयांना नागरिकत्व होतं, पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. लोरेंसो मार्कीसला, म्हणजे आजच्या मापुतोला, विद्यापीठ पातळीचं शिक्षण सुरू झालं ते १९६२ मध्ये, तेही मुख्यतः गोऱ्यांच्या मुलांसाठी. गोवेकर कारकून म्हणून, डॉक्टर म्हणून तिथे जायचे. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांचे वडील मूळचे गोव्याचे, पण जन्मले लोरेंसो मार्कीसमध्ये. तिथल्या आफ्रिकी मुलाला अशी वाट जवळजवळ खुलीच नव्हती.

राहिले नेते. इथे तुमचा राग मला समजतो आणि पटतोही. स्वातंत्र्यापासून आजवर फ्रेलिमो हा एकच पक्ष सत्तेत आहे. पोर्तुगिजांना चोवीस तासांत, वीस किलो सामान घेऊन देश सोडायला लावण्याचा हुकूम निघाला, त्याने देशातले उरलेसुरले कारागीरही गेले. शेतकऱ्यांना दामटून सामूहिक खेड्यांत नेलं, त्या नाराजीचा फायदा रेनामोने घेतला. आणि सर्वांत लाजिरवाणं प्रकरण २०१३-१४ चं. मासेमारीच्या बोटी आणि सागरी सुरक्षा या नावाखाली संसदेला अंधारात ठेवून सुमारे दोन अब्ज डॉलरचं कर्ज काढलं गेलं. २०१६ मध्ये ते उघड झालं, देणगीदारांनी हात आखडला, चलन घसरलं, औषधांपासून पावापर्यंत सगळं महागलं. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरले. ठरायलाच हवे होते. पण ते कर्ज उभं करून देणाऱ्या बँकांत क्रेडिट स्वीस होती आणि २०२१ मध्ये तिलाही अमेरिका आणि ब्रिटनच्या यंत्रणांपुढे सुमारे ४७.५ कोटी डॉलर मोजावे लागले. लाच घेणारा मापुतोत होता हे तुम्ही म्हणालात. कर्ज देणारे युरोपात बसले होते, हे मी त्याला जोडतो.

पन्नास वर्षांपैकी सुरुवातीची पंधराएक युद्ध आणि विध्वंसात गेली. १९९२ नंतर काय झालं तेही बघा. १९९० च्या सुमारास हजारातली दोनशेहून जास्त मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात. आता तो आकडा सत्तरच्या आसपास आला आहे. सत्तर भयंकरच आहे. पण ही घट त्याच माणसांनी, त्याच मोडक्या दवाखान्यांतून आणली.

बोत्सवानावर वेगळं लिहीन, तो देश तेवढा महत्त्वाचा आहे. तूर्त एवढंच, की तो १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि ओरापाचे हिरे सापडले १९६७ मध्ये. हिऱ्यांच्या डी बिअर्स कंपनीशी बोलणी करायला तिथे स्वतःचं सरकार बसलेलं होतं आणि १९७५ पर्यंत त्या सरकारने आपला हिस्सा १५ वरून ५० टक्क्यांवर नेला. त्याच १९७५ साली मोझांबिकच्या हाती आलेलं काहोरा बासा धरण दुसऱ्याच्या मालकीचं होतं आणि त्याच्या तारा जोहान्सबर्गकडे गेलेल्या होत्या.